टाकलं म्हणून सांगितलेलं फर्मवेअर
लॅपटॉप तापला की धुळीचा जळका वास येतो आणि मला सदाशिव पेठेतली आमची भाड्याची खोली आठवते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचा डेमो दुपारी चारला होता आणि आमचा थ्रीडी पूल पडद्यावर अडखळत, तुकड्यातुकड्यांनी फिरत होता. लॅपटॉप माझा, त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम मीच टाकलेली. प्रोग्रॅम माझ्या पार्टनरचा, ती अकोल्याची. "ग्राफिक्सचं फर्मवेअर टाकलं ना तू?" तिनं सकाळीच विचारलं होतं. ग्राफिक्स कार्ड नीट चालायला ती छोटी फाइल वेगळी घालावी लागते. इन्स्टॉल करताना 'ऑप्शनल' दिसलं म्हणून मी ती सोडून दिली होती. पण नाही म्हणायची लाज वाटली, मी हो म्हणाले. मग चार तास ती स्वतःच्याच प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसली, चांगल्या ओळी खोडून पुन्हा लिहीत. घरमालकीणकाकू दारातून म्हणाल्या, "काय गं, पूल बांधून होईपर्यंत न जेवण्याचा नवस बोललाय का?" ती हसलीसुद्धा नाही. शेवटचा एक बदल करून ती तोंड धुवायला गेली, तेवढ्यात मी फाइल उतरवून घातली आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. ती आली तेव्हा पूल सुरळीत फिरत होता. "म्हणजे माझंच चुकलं होतं," ती भिंतीला टेकून म्हणाली. "सॉरी यार, तुझा दिवस वाया घालवला." मी "इट्स ओके" म्हणाले. आता खराडीतल्या आयटी कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, आणि थकून घरी परतताना अजूनही वाटतं, खरं सांगता आलं नाही तर नाही, निदान तिला माफ तरी करायला नको होतं.