म्हशीच्या वाट्याचे लाडू

धरणावरून धुकं चढत येतं तेव्हा आमचं माले गाव अर्धं झोपेत असतं, आणि मीही. अशाच एका सकाळी सून ओट्याशी नुसतं लिंबूपाणी पिताना दिसली. रात्रीही ती जेवली नव्हती. रजा संपत आलेली, ऑफिसचे कपडे कमरेवर चढेनात, म्हणून हे उपास. इकडे तान्हं बाळ छातीशी लागायचं, चोखायचं आणि चिडून रडायचं.

त्या धुक्यात मला मीच दिसले. पहिलटकरीण, नणंदेच्या लग्नात आपल्या लग्नातलीच चोळी घालायची म्हणून हट्टाला पेटलेली. अंगाआधी अक्कलच बारीक झालेली. सासूबाई रोज हातावर डिंकाचा लाडू ठेवायच्या. मी तो गोठ्यात नेऊन म्हशीला चारायची, आणि पोटाला जुन्या लुगड्याचा पट्टा असा आवळायची की धड शिंकताही येऊ नये. चोळी काही बसेना. म्हैस मात्र अशी तुकतुकीत झाली की येणारा-जाणारा वळून बघे.

एकदा लेक भुकेनं रडून रडून निजला. सासूबाई धार काढून आल्या आणि भरलेली चरवी माझ्यापुढं ठेवली.

"म्हशीचं दूध वाढलंय बग. तुजं पोरगं उपाशी हाय. बाळंतीण कोन हाय हितं, तू का ती?"

त्यानंतर लाडू त्यांच्यासमोरच खायचा. पट्टा सुटला. भाकरी, पालेभाजी, वरण पोटभर, आणि उन्हं कलली की लेकाला कडेवर घेऊन भातखाचराच्या बांधावरून रमतगमत चालायचं. लग्नात चोळीला बाजूनं ठिगळ लावावं लागलं. पुढच्या सुगीत कधीतरी सहज घातली, तर ठिगळच ढिलं पडलेलं.

हे सगळं मी सुनेला सांगितलं. ती हसली, मग बाळाकडं बघून म्हणाली, "आई, दूध खरंच कमी पडतंय का हो त्याला?"

"आधी खा. मग डॉक्टरीणबाईंना विचारून येऊ."

त्यांनीही तेच सांगितलं, फक्त चष्मा लावून. आता संध्याकाळी आम्ही दोघी बांधावरून चालतो. धुक्यात बांध कुठं संपतो कळत नाही, नि घाईही नसते. परवा परत आल्यावर बाळ पोटभर पिऊन तिच्या मांडीवरच झोपलं, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब तसाच.

मी लाडू पुढं केला. अर्धाच, ती म्हणाली.

उरलेला मी खाल्ला. गोठ्यात आता गाडी उभी असते.