भगवंतला न सापडलेला फॉल्ट

भगवंत ढोके हा माणूस जन्मतःच दमलेला असावा. पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोटारींच्या बॅटऱ्या नि वायरिंगचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं शिवणकामाचं. मधे नुसता एक पत्रा. त्यामुळे त्याचे उसासे मला मशीनच्या खडखडाटातूनही ऐकू येत. गिऱ्हाईक आलं की आधी उसासा, मग 'बसा', मग पुन्हा उसासा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो कामठीला फौजेच्या मोटारींचं काम करत होता. त्या मोटारींनीच आपला जीव शोषून घेतला, असं तो म्हणे. माझ्या मते तो त्याच्याही आधीपासून असाच होता.

त्याच्या कामाची पद्धत पाहून माझं डोकं फिरायचं. दारात गाडी उभी, ड्रायव्हर घाईत, आणि हा बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरलाच खोदून खोदून विचारणार. दिवा कधी गेला? हॉर्न वाजवल्यावर, की खड्ड्यातून गेल्यावर? आधी फडफडला, की एकदम गेला? सगळं ऐकून झालं की दोन तारा जोडलेला एक छोटा बल्ब घेऊन तो बॅटरीपासून सुरुवात करायचा. एकेका जोडाला तार लावत पुढे सरकायचा. बल्ब जिथे पेटेनासा झाला, तिथे फॉल्ट. त्याला घाई म्हणून माहीत नव्हती.

त्याचं एकाच गोष्टीवरून डोकं तापायचं. जुन्या मोटारीचा फ्यूज म्हणजे काचेची बोटभर नळी, आत केसासारखी तार. कुठे वायर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली की ही तार जळते आणि बाकीची गाडी वाचते. ड्रायव्हरांना एवढा दम कुठला? फ्यूज उडाला की सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून तिथे खुपसायचा आणि निघायचं. मग फ्यूज उडत नसे, सगळं वायरिंगच जळे. ती चांदी चिमट्याने उपसत भगवंत म्हणायचा, "थो उडून राहिला म्हणजे तुले काही सांगून राहिला ना, बापा. त्याचं तोंड काहून बंद करतं?"

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात, भोपाळच्या पदरात पडलो. बोली नागपूरची, बाजार नागपूरचा, सोयरे नागपूरचे, आणि सरकार भलतीकडे. माझ्या दुकानात रोज त्याच गप्पा चालत. मला तर त्यांचा वीट आला होता.

त्याच दिवसांत भैय्याजी कामडी गाडी घेऊन आला. भैय्याजी म्हणजे भगवंतचा लहानपणापासूनचा दोस्त. संत्र्याचे व्यापारी यशवंतराव यांची लढाईच्या आधीची एक विलायती मोटार होती, ती तो भाड्याने चालवायचा. संध्याकाळच्या आगगाडीने उतरलेली माणसं सौंसरला पोचवायची, हे त्याचं ठरलेलं काम.

"दिवे मंद जळून राहिले बे," भैय्याजी म्हणाला.

भगवंतने तपासलं. बॅटरीची अर्थिंगची पट्टी जिथे गाडीच्या सांगाड्याला आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. त्याने तो खरवडला, पट्टी पुन्हा आवळली. दिवे लख्ख झाले. मी स्वतः पाहिले. आठवड्याने भैय्याजी पुन्हा हजर. दिवे मंद. या वेळी भगवंतने स्विच खोलून साफ केला, दिव्यांच्या आतल्या वाट्या पुसल्या. पुन्हा तेच. मग बल्ब बदलले, डायनॅमो खोलला, बॅटरी बदलून पाहिली, जुन्या वायरी काढून नव्या ओढल्या. बल्बवाली तार सगळ्या गाडीभर फिरली आणि प्रत्येक ठिकाणी बल्ब पेटला. भैय्याजीचं पालुपद कायम.

"तुले समजत नसंन तर नागपूरले नेतो गाडी," एक दिवस तो चिडून म्हणाला.

भगवंतने उसासासुद्धा टाकला नाही. संध्याकाळी अंधारून आल्यावर तो मला म्हणाला, "मास्तर, चाल जरा." आम्ही तिघं जाम नदी ओलांडून सावरगावच्या बाजूला गेलो. मोकळ्या रस्त्यावर त्याने गाडी थांबवायला लावली, इंजिन बंद केलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पुढं जाऊन रस्त्याच्या मधात उभा राय. बोलजो नको."

मी जाऊन उभा राहिलो. अंगात पांढरा सदरा, पांढरं धोतर. दिवे लागले आणि माझे डोळे दिपले. सदऱ्याच्या बाहीला दिवसभराच्या कामातला एक हिरवा दोरा चिकटला होता, तोही मला त्या उजेडात दिसला.

गाडीतून भगवंतचा आवाज आला. "भैय्या, मास्तर दिसते का?"

"कुठं गेला थो?" भैय्याजी म्हणाला. "दिवेच असे, त्याच्यात काय दिसंन?"

याच गाडीतून मी दिवाळीला बायकोपोरांसकट सौंसरला गेलो होतो.

भगवंतने हात लांबवून दिवे बंद केले. "दिवे चांगले हायेत, भैय्या," तो म्हणाला.

भैय्याजी बराच वेळ धोतराच्या सोग्याने स्टिअरिंग पुसत बसला. मग म्हणाला, "वर्ष झालं. आधी वाटलं धुकं हाये." त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त ते कबूल करायचं नव्हतं. यशवंतरावांना सांगू नको, म्हणून त्याने भगवंतचे हात धरले. गाडी गेली तर खाऊ काय, मले दुसरं काहीच येत नाई, म्हणाला. मोतीबिंदू असंन, नागपूरच्या दवाखान्यात काढतात, असं भगवंत म्हणाला, तर भैय्याजीचं उत्तर तयार.

"नागपूर आता मुंबईवाल्याइचं झालं. आपण भोपाळचे. थे काहून आपल्याले हात लावतीन?"

मला हसू आलं, भगवंतला आलं नाही. खरं कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं. भैय्याजीचा काका डोळ्यांचं ऑपरेशन करून आला तो पार आंधळा होऊनच.

संक्रांतीपर्यंत नागपूरला जातो, असं भैय्याजीने कबूल केलं. आणि भगवंतने आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. यशवंतरावांना जाऊन सांगितलं की वायरिंगमधे कुठेतरी फॉल्ट आहे, सापडत नाही, सापडेपर्यंत अंधार पडल्यावर गाडी काढू नका. मग काय, बाजाराला विषयच मिळाला. कामठीचा एवढा मोठा मिस्त्री, आणि दिव्याचा फॉल्ट सापडेना. लोक येता-जाता विचारत, "काय भगवंतराव, पेटला का दिवा?" त्याची नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. तो निमूट ऐकून घ्यायचा आणि रिकाम्या दुकानात बसून राहायचा. मला मात्र संताप यायचा. भैय्याजी मजेत दिवसाच्या फेऱ्या मारत होता आणि दोस्ताची अब्रू बाजारात जात होती.

संक्रांत आली नि गेली. भैय्याजीचं 'पुढच्या सोमवारी' काही संपेना.

एका दुपारी तो सौंसरहून आला आणि भगवंतच्या बाकावर बसून सहज सांगू लागला, "आज गंमत झाली. रस्त्यात कापसाच्या पऱ्हाटीचा भारा पडला होता. म्हटलं, चाक जाईन वरून. जवळ गेलो तं भारा चालून राहिला. खाली बाई होती."

"मग?" भगवंतने विचारलं.

"मग काय, वळवली ना गाडी. भारा पडला, बाई पडली. हाताले खरचटलं तिच्या."

बाहेर लख्ख ऊन होतं. भगवंतने हातातला पाना खाली ठेवला, डोक्याला टोपी घातली आणि निघाला. मीही कैची टाकून त्याच्यामागे गेलो. यशवंतराव गोदामात संत्र्यांच्या पेट्यांजवळ उभे होते.

"गाडीत फॉल्ट नाई," भगवंत म्हणाला. "कधीचाच नाई. भैय्याले दिसत नाई."

"आणि इतके दिवस मले काय सांगून राहिले होते तुम्ही?"

"खोटं सांगून राहिलो होतो."

यशवंतरावांनी त्याला सगळ्या हमालांसमोर झाडला. एवढा मोठा माणूस खाली मान घालून उभा होता. वाटेत मी म्हटलं, तू बरोबर केलंस. तो म्हणाला, "बरोबर तं पहिल्याच दिवशी करायले पाहिजे होतं, मास्तर." मग गाडीवर दुसरा ड्रायव्हर आला, आणि भगवंतचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं भैय्याजीने चारचौघांत जाहीर केलं.

काही दिवसांनी भैय्याजीची बायको मनकर्णा भगवंतच्या दुकानात आली. मला वाटलं, आता ही त्याला उभं-आडवं घेणार. ती पदर सावरून दारातच उभी राहिली.

"मले माहीत होतं, भाऊजी," ती म्हणाली. "मी पोळी ताटात नाई वाढत, हातात देतो. कोणाले बोलली नाई. तुम्ही बोलले." त्यात आभार होते की दोष, मला कळलं नाही. भगवंतने एवढंच विचारलं, "भैय्या जेवते का नीट?" ती नाही म्हणाली आणि निघून गेली.

होळीच्या आसपासची गोष्ट. भर दुपार, रस्ता तापलेला. मी काज करत बसलो होतो. भैय्याजी एकटाच काठी टेकत आला आणि भगवंतच्या दुकानासमोर थांबला. भगवंत उंबऱ्यातच बसला होता, हाताच्या अंतरावर.

"भगवंता," भैय्याजी मोठ्याने म्हणाला, "घरी बसून बसून तुले शिव्या देऊन राहिलो. त्यात मजा नाई. तोंडावर द्यायच्या हायेत मले." त्याचं तोंड आतल्या कोपऱ्यातल्या जुन्या बॅटऱ्यांकडे होतं. जरा थांबून त्याने विचारलं, "कुठं बसला हायेस बे?"

मला त्याच्याकडे पाहवेना. इतक्या दिवसांचा माझा सगळा राग त्या एका प्रश्नाने गेला.

"इथंच हावो, भैय्या," भगवंत म्हणाला. त्याने उठून भैय्याजीचा हात धरला आणि त्याला बाकावर बसवलं. मग भैय्याजीने शिव्या दिल्या. भगवंतला दिल्या, यशवंतरावांना दिल्या, गाडीला, नागपूरला, भोपाळला दिल्या. भगवंत समोर बसून सगळ्या ऐकत होता. शेवटी भैय्याजी दमला आणि घाम पुसून हळूच म्हणाला, "नागपूरले एकटा कसा जाऊ मी?"

"येतो ना मी," भगवंत म्हणाला, आणि फळ्या लावून दुकान बंद करायला उठला.