तीन महिन्यांची चुप्पी

माझी भावजय बोडिल तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळतेय, तीही स्वतःच्या घरात. पगार नगरपालिकेचा, जीव तिचा. एका वेळी चार पोरं, दुपारी अंगणात बाबागाड्यांत ओळीनं झोपवलेली, कितीही थंडी असो, इकडची रीतच तशी. एखादं आजारी पडलं की बाई स्वतःलाच बोल लावते. मी म्हणते, "अगं, पोरांची नाकं वाहणारच, नळ आहे का बंद करायला?" पण तिला हसू येत नाही.

दर मंगळवारी गावातल्या अशा सगळ्या बायका पोरांना घेऊन शाळेच्या हॉलमध्ये जमतात. त्यांच्यात सिल्ये सगळ्यात धाकटी, बोडिलच्याच हाताखाली शिकलेली. हिवाळ्यात एकीच्या वाढदिवसाला सिल्येनं वाइनचा पेला गुपचूप नवऱ्याकडे सरकवला. बोडिलनं ते बरोबर हेरलं आणि गप्प बसली. आमच्याकडे तीन महिने उलटेपर्यंत पोटुशी बोलत नाही, आणि ज्याला कळलंय तोही बोलत नाही. केवढी ती सभ्यता!

पुढच्या पंधरवड्यात बोडिलकडच्या विल्फ्रेडला थोबाडीचा ताप आला. कुणी दोन लगावल्यासारखे गाल लाल होतात, म्हणून हे नाव. पोर मजेत असतं, पण पोटुशीला लागण झाली तर पोटातल्या जिवाला धोका. गाल लाल झाले की त्या पोराकडून लागत नाही. लागतं ते त्याआधी, नुसती सर्दी असते तेव्हा. आणि बोडिलकडच्या आणखी दोघांना नेमकी सर्दी झालेली.

तिनं पोरांच्या आईबापांना कळवलं. सिल्येला मात्र नाही. फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. सांगायचं म्हणजे 'तुझं गुपित मला ठाऊक आहे' म्हणण्यासारखंच झालं ना! मंगळवारी सिल्येनं त्यातल्याच एकाला मांडीवर घेऊन त्याचं नाक पुसलं. बोडिल बघत राहिली.

एप्रिलमध्ये सिल्येचा फोन आला. "बोडिल, तुझ्याकडे कुणाला थोबाडीचा ताप होता का गं?" एवढंच विचारलं तिनं. बोडिलला काय ते कळलं. तिनं हो म्हटलं आणि तडक माझ्याकडे येऊन सगळं सांगितलं.

मी भडकलेच. "अगं बये, सगळ्या जणींनाच सांगून टाकायचंस ना! तिचं नाव तरी कशाला घ्यायला हवं होतं?"

"सांगताना माझी नजर तिच्याकडेच गेली असती," बोडिल म्हणाली. मी गाडी काढली आणि तिला सिल्येकडे घेऊन गेले. वाटेत ती एकसारखी म्हणत होती, "मी घालवलं गं ते. मी."

सिल्येनं दार उघडलं. अंगावर नवऱ्याचा स्वेटर, डोळे सुजलेले. नवरा आस्गर मासेमारीच्या बोटीवर परत गेलेला. बोडिलनं उंबऱ्यातच सगळं ओकून टाकलं: विल्फ्रेड, सर्दीवाली दोघं, उचलून ठेवलेला फोन.

सिल्ये म्हणाली, "रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. बहुतेकींची बाळं सुखरूप होतात म्हणे. माझं गेलं." मग एकदम थांबली. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"वाढदिवसापासून."

"माहीत असून तू मला त्या पोराचं नाक पुसू दिलंस?"

बोडिलची मान वर होईना.

"तोंडावर दार लावावंसं वाटतंय मला," सिल्ये म्हणाली, पण तिचा हात दारावर नव्हता. "आईलासुद्धा सांगितलं नव्हतं मी. आता सांगू तरी काय, की एक होतं आणि गेलं? आस्गर नाही इथे. ते होतं हे तुझ्याशिवाय गावात कुणालाच माहीत नाही." तिनं बोडिलकडे पाहिलं. "तुला काय वाटलं होतं, बोडिल? मुलगा की मुलगी?"

"मुलगी," बोडिल कशीबशी म्हणाली.

सिल्येनं तिची बाही गच्च धरली. "तुला माफ केलेलं नाही मी," ती रडत म्हणाली, "पण आत ये."