हाच तो

गंठण गेलं तेव्हा मी दूध आणायला निघाले होते. सकाळचे साडेसात-पावणेआठ झाले असतील. नगरच्या पुणे रस्त्याला, वस्ती संपून शेतं सुरू होतात तिथे आमची कॉलनी आहे आणि डेअरी कोपऱ्यावरच आहे. मागून मोटरसायकलचा आवाज आला, मी नेहमीसारखी कडेला सरले, आणि मानेला जोराचा हिसका बसला. मी तोंडावरच पडले. गुडघा फुटला, किटली गडगडत नालीत गेली. गाडीवर दोघं होते आणि मागच्यानं काळं हेल्मेट घातलं होतं, एवढंच डोक्यात राहिलं.

फिर्याद लिहून घ्यायला एक महिला हवालदार बसल्या होत्या. चाळिशीच्या, केस घट्ट बांधलेले, बोलणं शांत.

"गाडीचा रंग?"

"नाही लक्षात."

"नंबर?"

"नाही पाहिला."

"मग काय पाहिलं, ताई?"

"काळं हेल्मेट."

त्यांनी लिहिलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. अजून काहीतरी येईल म्हणून थांबल्या असाव्यात. पण मला दुसरं काही आठवेना.

मी घरी ब्लाउज शिवते. दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे आणि मशीन खिडकीशी. वीस वर्षं तिथंच बसून शिवलं, पण खालच्या गल्लीकडे कधी मुद्दाम पाहिलं नव्हतं. आता मोटरसायकलचा आवाज आला की पाय मशीनच्या पायडलवरून उचलला जायचा आणि मी उठून गजांना नाक लावायचे. गाडी गेली की बसायचे, चार टाके घालायचे, पुन्हा उठायचे. एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. ती हसली. मला मात्र रडू आलं. रोज दुपारी जेवताना हात आपोआप गळ्याकडे जायचा. मिस्टरांनी काळ्या मण्यांची साधी पोत आणून दिली होती. ती घालून बाहेर पडताना मी पदर मानेभोवती असा आवळायचे की गुदमरायला व्हायचं.

पुढच्या पंधरा दिवसांत कॉलनीत आणखी दोन प्रकार झाले. पलीकडच्या गल्लीत एक आजी अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांना पत्ता विचारायच्या निमित्तानं दोघांनी कानातली काढून नेली. आणि एका नोकरदार जोडप्याचं कुलूप भरदुपारी तुटलं. मग पोलिसांनी दत्तमंदिराच्या हॉलमध्ये संध्याकाळी बैठक घेतली. सतरंज्या टाकल्या, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, चहा झाला. साहेब कॅमेऱ्यांबद्दल बोलले, भाडेकरूंची माहिती ठाण्यात द्या म्हणाले. मग त्याच हवालदारबाई उभ्या राहिल्या. त्यांनी कॉलनीचा आणि पोलिसांचा मिळून मोबाईलवर एक ग्रुप काढायला सांगितला.

"पण नीट ऐका," त्या म्हणाल्या. "संशय आला तर मला फोन करायचा. फोटो काढला तर मला पाठवायचा, ग्रुपवर नाही. आणि कुणालाही हात लावायचा नाही. ते काम आमचं आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. समोरच्या बंगल्यातले बँकेतून निवृत्त झालेले काका ग्रुपचे प्रमुख झाले.

तो ग्रुप आला आणि माझी उरलीसुरली स्वस्थता गेली. दर अर्ध्या तासाला फोन वाजायचा. भंगारवाल्याचा फोटो. चादरी विकणाऱ्या बाईचा फोटो, खाली "ही काल पण आली होती". गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे. विजेचं मीटर पाहणाऱ्याचाही फोटो एकानं टाकला. हवालदारबाईंनी पहिल्या आठवड्यात दोनदा लिहिलं, 'कृपया फोटो इथे टाकू नका.' लोकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली आणि फोटो टाकत राहिले. मी प्रत्येक फोटो मोठा करून पाहायचे. मिस्टर म्हणायचे, "अगं, जेव तरी आधी." मला त्यांचाच राग यायचा. त्यांच्या मानेला हिसका बसला नव्हता.

मग तो दिवस आला. अकराचा सुमार होता. एक मोटरसायकल खालून गेली, मी उठून पाहिलं. थोड्या वेळानं तीच परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी फोन हातात घेतला. चालवणाऱ्याच्या डोक्यावर काळं हेल्मेट होतं. मागे एक मोठं पोतं आडवं बांधलेलं, ते खाली लोंबून नंबराची पाटी झाकली गेलेली. गल्लीतल्या पिवळ्या बंगल्यापाशी तो थांबला, वर गॅलरीकडे पाहिलं, खिशातून फोन काढला, कानाला लावला, परत ठेवला. पुन्हा वर पाहिलं.

मी गजांतून फोटो काढला. खाली लिहिलं, 'हाच वाटतो.' मग 'वाटतो' खोडलं. मला ते दुबळं वाटलं. लिहिलं, 'हाच तो,' आणि ग्रुपवर टाकून दिलं. हवालदारबाईंचा नंबर त्याच फोनमध्ये होता. तो लावावा असं त्या क्षणी मनातसुद्धा आलं नाही.

पाच मिनिटंही झाली नसतील. दारं उघडली, माणसं पळत आली. बँकवाल्या काकांनी त्याच्या गाडीची किल्ली काढून घेतली. कुणीतरी हेल्मेट ओढलं. तो काही सांगायचा प्रयत्न करत होता, पण सगळे एकदम बोलत होते. काकांनी त्याच्या कानाखाली मारली. मग आणखी दोघा-तिघांनी मारलं. खरं सांगायचं तर पहिल्या थपडेला मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती मोकळी झाली.

मग कुणीतरी पोतं ओढलं. ते फाटलं आणि रस्त्यावर तांदूळ सांडला. पांढरा, बारीक तांदूळ. आणि त्याच वेळी तो माणूस वळला, तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला. पंचावन्न-साठीचा, पांढरे खुंट वाढलेले, माझ्या थोरल्या भावाच्या वयाचा. माझं गंठण ओढणारा अंगानं सडसडीत होता, गाडी चालू असताना मागच्या सीटवरून वाकून त्यानं हात घातला होता. हे मला तेव्हाही माहीत होतं. काळ्या हेल्मेटापुढे ते आठवलंच नव्हतं.

मला तेव्हाच कळलं, पण मी खाली गेले नाही. दोन जिने उतरून "सोडा त्यांना, माझी चूक झाली" एवढं म्हणायचं होतं. मी पडद्यामागे उभी राहिले. हवालदारबाई त्यांच्या स्कूटीवर आल्या, गर्दीत घुसल्या, त्या माणसाच्या आणि काकांच्या मध्ये उभ्या राहिल्या, तरी मी तिथंच होते. पोलिसांची गाडी त्याला घेऊन गेली. दोन बायका तांदूळ सुपानं भरायला लागल्या, मातीसकट.

तासाभरानं मी रिक्षा करून ठाण्यात गेले. तो बाकावर बसला होता, हातात पाण्याचा ग्लास. डावा कान लाल झाला होता आणि तो सारखा त्यावर तळवा दाबत होता. हवालदारबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "तिला गेटवर बोलवा. हो, वडिलांसाठी. नाही नाही, बरे आहेत."

तो आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातला होता. मुलगी सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, आमच्या कॉलनीत आणखी दोघींबरोबर खोली घेऊन राहणारी. घरचा तांदूळ तिला द्यायला तो पहाटेच गाडीवर निघाला होता. तिनं मागच्या महिन्यात खोली बदलली होती, 'पिवळ्या बंगल्याच्या मागे' एवढंच सांगितलं होतं. फोन लागत नव्हता, कारण कारखान्यात फोन गेटवर जमा करून घेतात.

"फोटो मी काढला होता," मी त्याच्यासमोर उभी राहून म्हणाले. "ग्रुपवर मीच टाकला. माफ करा मला."

त्यानं मान वर केली. "तुमचा दागिना ग्येला म्हनं."

"हो."

"वाईट झालं," तो म्हणाला. पुन्हा कानावर हात ठेवला आणि जमिनीकडे पाहायला लागला.

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्या दोन शब्दांचं काय करावं ते मला समजेना.

तीनच्या आसपास मुलगी आली. निळा गणवेश, पायात कंपनीचे जड बूट. ती आधी वडिलांपाशी गेली, हनुवटी धरून त्यांचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. हवालदारबाईंनी विचारलं, "बाबा, तक्रार द्यायची का? मी लिहून घेते. मारणाऱ्यांची नावं आहेत माझ्याकडे."

"न्हाई."

"का नाही?" मुलगी म्हणाली. "द्या तुम्ही तक्रार."

"तुला तिथंच ऱ्हायचंय," तो म्हणाला.

"मला नाही राहायचं तिथं."

"आन् कुठं जाशील? दोन म्हैने जागा गावंना म्हून हिंडली ना तू?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे तिला एव्हाना कळलं होतं.

हवालदारबाई मला बाहेर पोहोचवायला आल्या. "मी काय सांगितलं होतं बैठकीत?"

"फोटो तुम्हाला पाठवायचा."

"मग?"

मी रिक्षाला हात दाखवला. "ग्रुप काढायला मीच लावला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एकटीला तरी काय बोलू."

घरी आले तोवर ग्रुपवरचे दुपारचे निरोप काकांनी पुसून टाकले होते. 'गैरसमज दूर झाला आहे, सर्वांनी सतर्क राहावे,' असं लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, 'तो फोटो मी टाकला होता. मला खात्री नव्हती. चूक माझी आहे.' एकानं अंगठा दाखवला. लगेच कुणीतरी वाढदिवसाच्या केकचं चित्र टाकलं आणि सगळे त्याच्या शुभेच्छांत गुंतले.

त्यानंतर मी खिडकीशी बसले की वेगळीच तगमग सुरू व्हायची. मशीन आतल्या खोलीत हलवलं तर तिथं उजेड पुरेना. पुन्हा बाहेर आणलं. रात्री मिस्टर म्हणायचे, झालं ते झालं. पण मला ते दुपारचे तांदूळ भरणारे हात दिसत राहायचे, आणि पडद्यामागची मी.

दीडेक महिन्यानं दुसऱ्या एका तालुक्यात दोघं गंठणचोर सापडले. मला ओळख पटवायला बोलावलं. एका रांगेत सात-आठ जण उभे होते. त्यातला एक सडसडीत होता, खांदेही तसेच. मी त्याच्यासमोर थांबले. तो असेलही. पण 'असेलही' म्हणून मी बोट कसं दाखवणार होते? मी रांगेच्या टोकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा त्याच्यापाशी थांबले.

"मला सांगता येत नाही," मी म्हणाले.

परतताना मिस्टर गाडीत चिडले. "इतके दिवस जीव टांगणीला लावलास सगळ्यांचा, आणि आता सांगता येत नाही?"

"नाही येत," मी म्हणाले. गंठण अजून मिळालेलं नाही, तपास चालू आहे म्हणतात.

हवालदारबाईंनी त्यानंतर दत्तमंदिरात पुन्हा बैठक घेतली. या वेळी सगळ्या भाडेकरूंनी यायचं असा त्यांचा आग्रह होता. सुप्याला जाणाऱ्या पोरी, नर्सिंग शिकणारी मुलं, ऊसतोडीवरून परतून बांधकामावर लागलेलं एक कुटुंब, असे पुष्कळ जण आले. आपल्याच कॉलनीत एवढी माणसं राहतात हे मला ठाऊकच नव्हतं. एकेकानं उठून कुठली खोली, काय काम, ते सांगायचं होतं. ती मुलगी सर्वांत शेवटी उठली.

"मी तीन-चार महिन्यांपासून इथं राहते," ती म्हणाली. "माझे वडील महिन्यातून एकदा येतात. त्या दिवसापासून त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तुम्ही हाक मारली आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तर ते पळून चाललेत असं समजू नका."

एवढं बोलून ती खाली बसली. बँकवाले काका चष्मा काढून पुसत राहिले. बैठक सुटल्यावर ते तिच्याजवळ गेले खरे, पण ती मैत्रिणींबरोबर निघून गेली होती.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मी तिच्या वडिलांना गल्लीतून येताना पाहिलं. मोटरसायकल नव्हती, एसटीनं आले असावेत. खांद्यावर पिशवी, चाल सावकाश. या खेपेला मी दोन्ही जिने उतरले. फाटकाशी जाऊन उजव्या बाजूनं त्यांच्याजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "दादा, चहा घेऊन जा."

त्यांनी मला ओळखलं.

"नको, बाई. पोरगी वाट बघती."

"मग पाणी तरी घ्या."

"द्या," ते म्हणाले.

मी धावत वर गेले, तांब्या भरून आणला. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही, फाटकाच्या आतही आले नाहीत. उभ्यानं पाणी प्याले, तांब्या माझ्या हातात दिला, मान हलवली आणि पिवळ्या बंगल्याच्या बाजूनं वळले.