कुंडलचा अख्खा ट्रायलोबाईट

पीरमहंमद संदे कोयनेच्या बोगद्यात ड्रिल चालवायचा, आणि दगडाच्या नादापायी सगळ्या कॉलनीत बदनाम होता. सुरुंग उडून धूर बसला की बाकीचे गडी बिडी पेटवत. हा बॅटरी घेऊन फुटलेल्या कातळातल्या पोकळ्या धुंडाळत फिरे. त्या पोकळ्यांत पांढरेशुभ्र, कधी हिरवट स्फटिक लगडलेले असत. सदुसष्टच्या भूकंपात घराची भिंत पडली आणि फळीवरच्या स्फटिकांचा पार चुरा झाला. बायको मेहरुनबी म्हणाली, "सुटलो एकदाचं." आठ दिवसांनी हा खिशात घालून नवे दोन घेऊन आला.

चौऱ्याहत्तर साली, थंडी सरता सरता, कराडच्या स्टँडवर बसून तो कागदातला एक स्फटिक उलगडून बघत होता. शेजारी जाड मिशांचा एक माणूस वाकून बघायला लागला. आता हा विचारणार, 'याचा उपयोग काय?' सगळे तेच विचारत. पण त्यानं विचारलं, "किती खोल सापडला?"

पीरमहंमदनं मान वर केली. असा सवाल उभ्या जन्मात त्याला कुणी केला नव्हता.

माणूस होता कुंडलचा नाथाजी सूर्यवंशी, पलटणीतून निवृत्त झालेला हवालदार. काश्मीरात हंदवाड्याच्या बाजूला रस्त्याच्या कामावर असताना पाटीसारख्या दगडात त्याला किडे सापडले होते. जित्ते नव्हेत, दगड झालेले. "आमच्या साहेबानं नाव सांगितलं, ट्रायलोबाईट. पन्नास कोटी वर्षांमागं समुद्रात व्हते म्हणं. या एकदा कुंडलला, दावतो."

होळी झाल्यावर पीरमहंमद दोन दिवसांची रजा काढून गेलाच. नाथाजीनं सोप्यात काळी ट्रंक ओढून आणली. कापसाच्या थरांतून एकेक तुकडा घोंगडीवर मांडला. कुणाचं अर्धचंद्रासारखं डोकं, कुणाची शेपटी, कुणाच्या पाठीवरच्या नुसत्या पट्ट्या. पीरमहंमद एकेक तुकडा तळहातावर घेऊन उन्हाकडं तिरका धरी आणि पुटपुटे, "या अल्ला, काय नक्षी हाय!"

"त्रेचाळीस हायती," नाथाजी म्हणाला, "पर अख्खा एक न्हाई. साहेब म्हणायचे, हा किडा सापावानी कात टाकायचा, म्हणून तुकडंच घावत्यात. अख्खा घावायला नशीब लागतं."

शेवटी त्यानं तळातून त्याच दगडाची एक सपाट पाटी काढली. तिच्या कडेला शेपटीचा नखाएवढा भाग बाहेर डोकावत होता. बाकीचा किडा आत होता की नव्हता, कुणाला ठाऊक. तसल्याच दुसऱ्या पाटीला नाथाजीनं एकदा छिन्नी लावली होती आणि तिचा भुगा झाला होता. तेव्हापासून अकरा वर्षं ही कापसातच होती.

पीरमहंमदनं पाटी कानाशी धरली आणि नखानं टिचकी मारली. मग दुसरीकडं मारली. "हवालदार, ह्या बाजूला आवाज भरीव येतोय. आत कायतरी हाय."

"काढशीला?"

पीरमहंमदनं पाटी अलगद घोंगडीवर ठेवली. त्याचा जन्म काळ्या कातळात गेलेला; हा दगड मऊ, पापुद्र्यांचा. बोगद्यात हात चुकला तर दुसरा कातळ होता. इथं दुसरा नव्हता.

दाराशी उभी असलेली नाथाजीची बायको राहीबाई म्हणाली, "आवं, द्या की त्यांच्या हातात. ट्रंकंत ठिवून काय अंडी घालनार हाय त्यो?"

"वैनी, तुमी गोधड्या शिवता न्हवं? मला दोन दाभणं द्या," पीरमहंमद म्हणाला.

तो दिवस त्यानं पाटीला हातच लावला नाही. नाथाजीच्या जुन्या भुग्यातले खडे घेऊन, दाभणाला सहाणेवर धार लावून, पापुद्रा कसा सुटतो ते शिकत बसला. दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर पाटी पुढ्यात घेतली. एक टोचा, एक फुंकर. पपईच्या देठाची नळी करून तो धूळ उडवी. शेपटी मोकळी झाली. मग एक पट्टी, मग दुसरी. राहीबाई चूल सोडून मोजायला बसली. "सा... सात... आठ..."

दहाव्या पट्टीला 'टक्' झालं. एक कपची उडून घोंगडीवर पडली. नाथाजी ताडकन उठला आणि परड्यात जाऊन पाठ करून उभा राहिला.

पीरमहंमदनं कपची उचलून उलटी केली. तिच्या पोटाशी पट्ट्यांचा स्वच्छ ठसा होता. वरचं झाकणच निघालं होतं. किड्याला ओरखडाही नव्हता. "हवालदार!" तो ओरडला. "माघारी या! डोकं हाय! डोस्क्यासकट हाय!"

चौदा पट्ट्या. पुढं अर्धचंद्र डोकं, मागं शेपटी, करंगळीएवढा अख्खा किडा, जणू आत्ताच चिखलावरून सरपटत आलेला. नाथाजीनं वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग त्या गड्यानं पीरमहंमदला कमरेला धरून चक्क उचललं आणि अंगणात गरगरा फिरवलं. राहीबाईनं दोघांच्या तोंडात गूळ कोंबला.

बातमी चावडीपर्यंत गेली. 'हवालदारानं काश्मीरातनं खडी आणली' म्हणून बारा वर्षं टिंगल करणारा आप्पासो आला. बराच वेळ पाहून त्यानं हळूच विचारलं, "जित्ता व्हता व्हय ह्यो?"

"आपल्या डोंगरांच्याही आधी," पीरमहंमद म्हणाला. आप्पासोनं टोपी काढून हातात धरली.

पुढं सांगलीच्या एका कॉलेजातले प्राध्यापक आले. फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि आमच्या कपाटासाठी द्या म्हणाले. नाथाजीनं दिला, पण चिठ्ठी आपल्या अक्षरात लिहूनच.

पावसाळ्यानंतर पीरमहंमद मेहरुनबीला घेऊन सांगलीला गेला. काचेआड किडा होता आणि खाली चिठ्ठी: 'शोधला: हवालदार नाथाजी सूर्यवंशी, कुंडल. उघडला: पीरमहंमद संदे, कोयनानगर.' मेहरुनबीला वाचता येत नव्हतं. त्यानं वाचून दाखवलं.

"आनि एकदा वाचा," ती म्हणाली.

त्यानं छाती फुगवून असं वाचलं की दालनातली सगळी पोरं वळून बघायला लागली.