तळघरातली टर्की

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका गावात दर मंगळवारी चर्चच्या तळघरात मंडळी गोल करून बसायची. सगळे स्किझोफ्रेनियाचे जुने मुरलेले रुग्ण. नर्स मार्व्हाबाई बैठक घ्यायच्या. अंघोळ झाली का, गोळी पोटात गेली का, हे ज्यानं त्यानं सांगायचं आणि मग लिंबाच्या वड्यांवर तुटून पडायचं. एक रीत मात्र कडक होती. नसतं काही दिसलं की मनात दाबायचं नाही, शेजाऱ्याला विचारून खात्री करायची.

डेलविननं अर्धं आयुष्य रुग्णांच्या देखभालीच्या घरात काढलेलं. आज बैठक नीट पार पडली तर त्याला स्वतंत्र खोलीची किल्ली मिळणार होती. स्वतःची खोली, स्वतःची शेगडी. म्हणून गडी दाढी घोटून, केस चोपडून आला होता.

तो अंघोळीचं सांगत होता, तेवढ्यात जिन्यावरनं एक रानटर्की, म्हणजे कोंबडीची दांडगी रानटी बहीण, उतरली. सिगारेटचा धूर जावा म्हणून कुणीतरी वरचं दार उघडं टाकलेलं. चांगली गलेलठ्ठ बया. गोलाच्या मधोमध येऊन तिनं मान वाकडी केली आणि डेलविनकडं बघत राहिली.

डेलविनच्या मनात आलं, आजच बरी उगवली ही! विचारावं तर भास होतात म्हणून किल्ली गेली. न विचारावं तर रीत मोडली.

"साबण लावला का?" मार्व्हाबाईंनी विचारलं. त्यांची नजर हातातल्या कागदावरनं हलेना.

"लावला की. पाठीलाबी लावला."

टर्की टेबलावर चढली आणि वड्या टिपायला लागली. म्हातारा आर्ने छताकडं बघत बसला. डेलविनशेजारच्या लिओनानं डोळे मिटून घेतले. वड्यांचा चुरा अंगावर उडत होता आणि मंडळी झोपेबद्दल बोलत होती.

ताटली खाली पडून फुटली. डेलविनला राहवलं नाही. तो लिओनाकडं वळला. "लिओने, मला टर्की दिसतिया."

लिओनानं एक डोळा उघडला. "मला वाटलं माझीच हाय ती."

"मला तर दोन दिसत्यात," आर्ने म्हणाला.

"आरं, दुसरी भिंतीवरल्या आरशातली हाय," लिओना म्हणाली.

सगळे मार्व्हाबाईंकडं बघायला लागले. बाईंनी कागद खाली ठेवला. "मलाबी दिसतिया," त्या हळूच म्हणाल्या. "मगापासनं. काल दुहेरी पाळी झाली, म्हटलं डोकं शिणलं असंल."

"मग विचारायचं न्हाई व्हय, बाई?" आर्नेनं टोमणा हाणला. "रीत तुमचीच."

सगळ्यांनी मिळून टर्कीला खुर्च्यांनी रेटत जिन्यावरनं वर हाकललं. धापा टाकत मंडळी परत बसली, तेव्हा बाईंनी किल्ली काढली, पण मुठीतच धरली.

"डेलविन, हितं इचारलंस. एकट्याच्या खोलीत असलं काय आलं तर कुणाला इचारशील?"

 शेगडी, खिडकी, पडदे, सगळ्याचा विचार डेलविननं केला होता. ह्याचा केला नव्हता.

"मला इचारंल," लिओना म्हणाली. "त्याच्या खोलीम्होरंच तर माझं दार हाय. कवाबी ठोठाव, डेल. फकस्त जिन्यात निळा माणूस बसतो, त्याचं इचारू नगंस. तो माझा हाय."

"बरं," डेलविन म्हणाला. "त्याला वलांडून यीन."

बाईंनी मूठ उघडली.