जनरेटरवर काढलेला खुब्याचा फोटो

रजईला खोळ घालायचं काम अर्ध्यावर आलं होतं. आरपारताई कमरेपर्यंत खोळीत शिरलेली, दोन्ही मुठींत रजईचे कोपरे. बाहेरून सासूबाई दुसरं टोक धरून सूचना देत होत्या, "डावीकडे घे. तुझ्या डावीकडे, माझ्या नव्हे." तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंनी तो उचलून खोळीच्या तोंडाशी धरला, म्हणून दवाखान्याचा निरोप तिने आतूनच ऐकला. एक रंगारी शिडीवरून पडलाय, खुबा निखळल्यासारखा दिसतोय, सकाळपासून वीज नाही, तेव्हा सुट्टी असली तरी ये.

दवाखान्यात एक्स-रे काढते म्हणून गल्लीने तिचं नाव आरपारताई पाडलं होतं. आमची सून माणसाच्या आरपार बघते, पण डोळ्यांसमोरची मिठाची बरणी तिला दिसत नाही, हा सासूबाईंचा ठरलेला टोमणा. आज मात्र त्यांनी टोमणा गिळला. "जा तू. रजई काही पळून जात नाही. मी देवापाशी बसते," एवढंच म्हणाल्या.

तिचे वडील जळालेल्या मोटरींना नवी तार गुंडाळून द्यायचे. तांब्याच्या तारेची रिकामी रिळं हीच तिची खेळणी. लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली आणि एक दिवस तिने एक्स-रेचा कोर्स करायचं काढलं. हौस आहे, फिटेल, असं नवऱ्याला वाटलं. ती काही फिटली नाही. एखादी गोष्ट मनात घेतली की तडीस नेईपर्यंत तिला चैन पडत नसे. मग घरचे वैतागोत नाहीतर हसोत.

यंत्र कसं चालतं हे ती घरी इस्त्रीवरून समजावून सांगायची. यंत्रातल्या काचेच्या नळीत एक बारीक तार असते. एका लहान सर्किटची वीज तिला इस्त्रीच्या तारेसारखी लाल करते, आणि तापलेल्या तारेतून विजेचे कण सुटून तिच्याभोवती घोटाळत राहतात. दुसऱ्या सर्किटमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर बसवलेला. तो विजेचा दाब शेकडो पटींनी चढवतो आणि त्या कणांना समोर फिरणाऱ्या धातूच्या तबकडीवर आपटतो. त्या आपटण्यात बहुतेक सगळी उष्णताच होते. चिमूटभर जे उरतं, ते एक्स-रे. पापणी लवते न लवते तोच सगळं आटोपतं. पण त्या क्षणापुरती यंत्राची भूक राक्षसाची असते. बाहेरच्या लाइनला त्याचं काही वाटत नाही. जनरेटरची मात्र कंबर बसते. त्याचा वेग मंदावतो, दाब पडतो, आणि किरण इतके अशक्त निघतात की फोटोत हाड आणि मांस एकाच रंगाचं दिसतं.

म्हणून दवाखान्यात तिने एक रीत पाडली होती. जनरेटरवर एक्स-रे काढायचा असला की ती पितळी घंटा घेऊन व्हरांड्यात उभी राहायची. घंटा वाजली की लिफ्ट थांबवायची, अवजारं उकळायचं भांडं बंद, कपडे धुण्याचं मशीन बंद, चहाची किटलीसुद्धा बंद. ती ‘झालं’ म्हणेपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. परिचारिका हसायच्या, की ताईंच्या घंटेला किटलीसुद्धा मान खाली घालते.

ती पोचली तेव्हा रंगारी टेबलावर होता. अंगावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे, डावा पाय आत वळलेला, आणि तो पाय थरथरत होता. बायको पायांशी उभी. डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. सांधा लवकर जागेवर बसवायला हवा. जितका उशीर, तितकं हाडाच्या गोळ्याचं रक्त तुटणार, आणि ते मेलं की माणूस पुन्हा शिडी चढणार नाही. पण आत गोळ्याखालच्या हाडाच्या मानेला भेग असेल आणि न बघता ओढलं, तर तुकडाच पडेल. मोठ्या इस्पितळात न्यायचं तर रस्ता लांबचा आणि खड्ड्यांचा. "फोटो मिळाला तर मी इथेच बसवतो. नाहीतर पाठवावं लागेल."

"मिळेल," ती म्हणाली.

खुबा म्हणजे शरीरातली जाड जागा, तिथे वीज भरपूर लागते. जनरेटरवर जास्त भार नको म्हणून तिने आधी प्रवाह कमी ठेवला आणि वेळ वाढवली. घंटा झाली, फोटो निघाला, पण फिल्म धुऊन प्रकाशाला धरली तर सगळं पुसट. दुखऱ्या पायाची थरथर काही थांबेना. रंगारी खजील होऊन म्हणाला, की मी पायाला सांगतोय, तो ऐकत नाही. ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादा, चूक पायाची नाही, वेळेची आहे, ती म्हणाली. आता कमी वेळात काढायला हवा. म्हणजे पुरा प्रवाह हवा, आणि त्यासाठी जनरेटरची सगळी ताकद एकट्या यंत्राला हवी.

पुन्हा घंटा. जनरेटर सांभाळणारे मिस्त्री स्वतः सगळीकडे फिरून खटके बघून आले आणि खिडकीतून त्यांनी हात वर केला. ताई शिशाच्या पडद्याआड गेली. यंत्रावरचा, विजेचा दाब दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात होता. तिने बटण अर्धं दाबलं, तबकडी गुणगुणायला लागली. देवाचं नाव घेऊन तिने ते पूर्ण दाबलं. काटा धाडकन खालच्या लाल पट्ट्यात गेला आणि यंत्राने स्वतःलाच विजेपासून तोडून घेतलं. फोटो आलाच नाही.

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. गाडीवाल्याला तयार राहायला सांगा, असं ते परिचारिकेला हळूच म्हणाले. रंगाऱ्याच्या बायकोने ते ऐकलं आणि ती ताईच्या तोंडाकडे बघत राहिली.

ताईने बटणाला हात लावला नाही. उगाच माणसावर किरण टाकत बसायचे नाहीत, हा तिचा नेम. ती नुसती काट्याकडे बघत उभी राहिली. काटा अजून हिरव्याच्या खालीच रेंगाळत होता. यंत्र तर काहीच घेत नव्हतं. म्हणजे कुणीतरी वीज खात होतं.

मिस्त्री बाहेर शपथेवर सांगायला लागले, की खटका न् खटका बंद आहे, हवं तर येऊन बघा. ती तशीच जनरेटरपाशी गेली आणि कान देऊन उभी राहिली. वडिलांच्या दुकानात मोटर आजारी आहे की ओझ्याखाली आहे, हे आवाजावरून कळायचं. हा ओझ्याखालचा आवाज होता. आणि त्याच्यामागे, भिंतीपलीकडे, आणखी एक बारीक घरघर. ती कपडे धुण्याच्या खोलीमागच्या पंपाची होती.

खोलीत धोबीकाका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून नळाखाली चादरी आपटत होते. नळ धो धो वाहत होता.

"मी विजेला हातसुद्धा लावलेला नाही," तिने तोंड उघडायच्या आतच ते म्हणाले. "घंटा झाली, मशीन बंद केलं. बसून काय करायचं, म्हणून हातानेच घेतल्या धुवायला."

"काका, तुम्ही नाही लावलात. टाकीने लावलाय."

नवा पंप बसवताना त्याला आपोआप चालणारं बटण जोडलं होतं. टाकी उतरली की पंप आपला आपण सुरू होणार. काका नळ सोडून चादरी धूत होते, टाकी उतरत होती, आणि ताईने घंटा वाजवून जी ताकद राखून ठेवली होती, ती पंप पीत होता. सगळ्यांनी हाताने लावायचे खटके तपासले. ज्याला हात लागतच नाही, तो कुणाला सुचला नाही. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. तो पंप त्यांनीच बसवला होता.

त्यांनी पंपाचा फ्यूज काढून खिशात टाकला. धोबीकाकांनी नळ घट्ट पिळला, तरी समाधान होईना, म्हणून हातात ओली चादर तशीच घेऊन ते नळाला पाठ लावून उभे राहिले. आता देव आला तरी नळ उघडायचा नाही, म्हणाले.

तिसऱ्यांदा घंटा झाली. रंगाऱ्याच्या पायाच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या दाबून ताईने त्याला सांगितलं, "भिंतीला शेवटचा हात मारताना श्वास धरता ना? तसा धरा." त्याने धरला. काटा पट्ट्याच्या मधोमध होता. बटण पूर्ण दाबल्यावर तो झुकला, काठाला टेकला आणि तिथेच थांबला. बाहेर जनरेटर एकदा कण्हला आणि सावरला.

फिल्म ओलीच होती, तरी डॉक्टरांनी ती प्रकाशाला धरली. गोळा खोबणीबाहेर होता, पण मानेला भेग नव्हती. गाडीवाल्याला परत पाठवा, ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले. रंगाऱ्याला गुंगी दिली, दोघांनी कंबर धरली, डॉक्टरांनी पाय उचलून ओढला. खट् असा आवाज झाला, तो दारापर्यंत ऐकू आला. बायकोने पदराने डोळे पुसले. पाय सरळ झालेला दिसत होता, तरी तिने एकदा हात लावून पाहिला.

मिस्त्री खिशातला फ्यूज चाचपत विचारायला आले, की आता पुढे काय. फ्यूज काढून ठेवला तर वॉर्डात पाणी नाही, परत लावला तर पुढच्या वेळी पुन्हा हेच. व्यवस्थापकांना सांगू, ते बघतील, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाली, त्यांना सांगाच, पण त्यांचं बघून होईपर्यंत दुसरा कुणी पडला तर? एक्स-रेच्या खोलीतूनच पंप तोडता यायला हवा. तार तुम्ही ओढा, खटका मी आणते. कोणता आणायचा ते तिने मिस्त्रींना दोनदा विचारून घेतलं, शिशाचा एप्रन खुंटीला अडकवला आणि पंपासाठी स्विच आणायला चौकातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानाकडे निघाली.